किनारा सर्वांचा, मासा मोजका

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड हे राज्य आहे. त्या देशाच्या ५० राज्यांत ते सर्वांत लहान. पाण्याखालचा भाग धरला तरी त्याचे क्षेत्रफळ आपल्या रायगड जिल्ह्याहून बरेच कमी भरते. पण नॅरागॅन्सेट नावाची मोठी खाडी या राज्यात अशी आत शिरली आहे की कोठेही राहा, समुद्र फार दूर नाही. राजधानीचे शहर प्रॉव्हिडन्स. आमची मुलगी व जावई नोकरीनिमित्त तेथे असतात. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता त्यांच्याकडे होतो.

गिरणगावातल्या वाचकांना या मुलखाची एक ओळख सांगितली पाहिजे. प्रॉव्हिडन्सला लागून पॉटकेट हे गाव आहे. तेथे नदीकाठी स्लेटर मिल उभी आहे. पाण्याच्या जोरावर सूत कातणारी अमेरिकेतील पहिली यशस्वी गिरणी म्हणून तिची नोंद आहे. इमारत १७९३ ची. पुढे या पट्ट्यात गिरण्याच गिरण्या झाल्या. युरोपातून, कॅनडातून कामगार आले. विसाव्या शतकात मालकांनी स्वस्त मजुरीच्या शोधात धंदा दक्षिणेकडील राज्यांत हलवला आणि येथल्या चिमण्या थंडावल्या. मुलीच्या शेजारी राहणारे आजोबा अशाच गिरणी कामगारांच्या घरातले. त्यांचे वडीलधारे पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आले होते. आजोबांना दोन नाद. एक अंगणातल्या भाज्यांचा आणि दुसरा टॉटॉग नावाचा मासा गरवण्याचा. त्यांच्यामुळेच आम्हाला हा किनारा जवळून पाहायला मिळाला.

नाव कोणाचे?

टॉटॉग हे इंग्रजी नाव नव्हे. नॅरागॅन्सेट हे या भूमीचे मूळ रहिवासी. त्यांच्या भाषेतला हा शब्द आहे. मॅसॅच्युसेट्समधून मतभेदांमुळे हद्दपार झालेला रॉजर विल्यम्स हा धर्मोपदेशक १६३६ मध्ये येथे आला. नॅरागॅन्सेटांच्या नायकांनी त्याला जागा दिली आणि त्या जागेवर प्रॉव्हिडन्स वसले. विल्यम्सने त्यांची भाषा शिकून १६४३ मध्ये लंडनमध्ये एक पुस्तक छापले. त्यातल्या माशांच्या प्रकरणात या माशाचे नाव आढळते.

ज्यांनी जागा दिली त्यांचे पुढे काय झाले? १६७५ च्या डिसेंबरात वसाहतवाल्यांच्या फौजेने दलदलीतल्या त्यांच्या तटबंदीवर हल्ला केला आणि शेकडो माणसे, त्यांत बायका-मुलेही, मारली गेली. १८८० मध्ये तर राज्याने कायदा करून ही जमातच अस्तित्वात नाही असे ठरवले व त्यांची सामाईक जमीन विकली. ते लोक मात्र तेथेच राहिले. १९७८ मध्ये समझोत्याने त्यांना सुमारे १,८०० एकर जमीन परत मिळाली आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने जमात म्हणून मान्यता दिली. कागदावर जमात पुसली गेली त्या शंभर वर्षांतही त्यांचा शब्द प्रत्येक कोळ्याच्या तोंडी होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खडकातला रहिवासी

टॉटॉग दिसायला देखणा नाही. अंग जाडजूड, रंग काळपट तपकिरी, कातडी जाड व बुळबुळीत. म्हणून त्याला काळा मासा असेही म्हणतात. जुन्या नराची हनुवटी पांढरी पडते, तीही एखाद्या आजोबांसारखी दिसते. ओठ जाड आणि त्यामागे पुढे आलेले भक्कम दात. शिवाय घशात दाढांसारखे चपटे दात असतात. पुढच्या दातांनी खडकावरचे शिणाणे उपटायचे, खेकडा धरायचा आणि घशातल्या दाढांनी कवच भरडून काढायचे, हा त्याचा दिनक्रम.

तो राहतो खडकात, बुडालेल्या जहाजात, पुलाच्या खांबांशी. दिवसा खातो आणि रात्री कपारीत शिरून झोपतो. मासा झोपतो हे ऐकून आमचा दहा वर्षांचा नातू हसत सुटला, पण शास्त्रज्ञांनी ते पाहून ठेवलेले आहे. वसंतात पाणी उबदार होऊ लागले की टॉटॉग अंडी घालण्यासाठी किनाऱ्याजवळ येतो. हिवाळ्यात खोल पाण्यात जाऊन सुस्त पडून राहतो. त्याआधी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तो पोटभर खाऊन घेतो. गरवणाऱ्यांचा मोठा हंगाम तोच.

त्याचे आयुष्य मोठे. तीस वर्षांहून अधिक जगलेले टॉटॉग सापडले आहेत. पण वाढ फार हळू. १६ इंचांचा, म्हणजे आपल्या हातभर मापाहून थोडा कमी, मासा व्हायला साधारण सात-आठ वर्षे लागतात. पुढची सारी गोष्ट या एका हिशेबावर उभी आहे.

बीव्हरटेलचे खडप

खाडीच्या तोंडाशी एका बेटावर जेम्सटाऊन हे गाव आहे. त्या बेटाच्या दक्षिण टोकाला बीव्हरटेल नावाचे सार्वजनिक उद्यान व दीपगृह आहे. तेथे पहिले दीपगृह १७४९ मध्ये बांधले गेले आणि आजचा दगडी मनोरा १८५६ चा. मनोऱ्याखाली काळ्या खडकांच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा त्या पायऱ्यांवर तीसेक माणसे गळ टाकून बसली होती. कंबोडियातून आलेली कुटुंबे होती, लायबेरियाची होती, ग्वाटेमालाची होती, जुने पोर्तुगीज होते. कोणी रात्रपाळी संपवून तसाच आला होता. डबे उघडले जात होते, लहान मुले खळग्यातले खेकडे शोधत होती. आपल्याकडे सुटीच्या दिवशी धक्क्यावर जसे दृश्य दिसते तसेच.

१६ वर्षांपुढील माणसाला समुद्रात गरवण्यासाठी परवाना लागतो. तो आम्ही आधीच काढला होता. नातवाला त्याची गरज नव्हती.

आमिष म्हणजे खेकडा. आजोबांनी दुकानातून हिरवे खेकडे आणले होते. हा खेकडा मूळचा युरोपातला, एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर इकडे आला. दुसरा एक लहान खेकडा आशियाच्या किनाऱ्यावरचा. तो १९८८ मध्ये न्यू जर्सीत प्रथम दिसला आणि आता दगड उलटला की पाच-दहा पळतात. त्याला पैसे पडत नाहीत. नातवाने अर्ध्या तासात डबाभर जमवले. दोन्ही परके खेकडे टॉटॉगला मात्र घरच्यासारखे गोड लागतात.

खेकड्याचे पाय व नांग्या काढायच्या, मोठा असेल तर मधोमध दोन तुकडे करायचे आणि पाय काढल्याच्या भोकातून गरी घालायची. सामान जितके साधे तितके बरे, कारण खडक सगळे गिळतो. तंगूस जाड, गरी एकच आणि वजन बारीक दोऱ्याने बांधलेले. वजन अडकले तर बारीक दोरा तुटतो, गरी आणि मासा वाचतो. शिसे वारंवार जाते म्हणून काही जण गाडीचे जुने स्पार्क प्लग बांधतात. हात थोडा आखडून संसार करणाऱ्यांची ही युक्ती आम्हाला लगेच पटली.

गळ खडकाच्या कडेलाच सोडायचा, दूर फेकायचा नाही. मासा पायाखाली असतो. आधी टक, टक असे दोन-तीन धक्के येतात. तो खेकडा फोडत असतो. तेव्हा ओढले तर रिकामी गरी वर येते. नंतर दोर जड होतो. त्या क्षणी काठी उचलायची आणि एक श्वासही न घेता दोर गुंडाळायचा. टॉटॉगला सुटायला कपार हवी असते आणि त्याला ती ठाऊक असते. शिरलाच कपारीत, तर आजोबा दोर सैल सोडून काठी मांडीवर ठेवत व चहा पीत. मासा आपल्या मनाने थोडा बाहेर आला की पुन्हा ओढ. दहापैकी चार वेळा तरी हा उपाय चालला.

लाटांविषयी मात्र ते थट्टा चालू देत नव्हते. येथे अचानक मोठी लाट येऊन माणसे ओढली गेली आहेत. शेवाळ लागलेल्या ओल्या खडकावर जायचे नाही, तळाला खिळे असलेले बूट घालायचे, समुद्राकडे पाठ करायची नाही आणि मुलाला कोरड्या, वरच्या पायरीवर बसवायचे. हे नियम आपल्या हरिहरेश्वराच्या किंवा अलिबागच्या खडकांवरही तितकेच लागू आहेत.

कयाकमधून

दुसऱ्या आठवड्यात वारा पडलेला पाहून आजोबांचा मुलगा व आमचे जावई कयाक घेऊन निघाले. कयाक म्हणजे एक-दोन माणसे बसतील अशी अरुंद, हलकी होडी. वल्हे एकच, पण दोन्ही टोकांना पाते. उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशातल्या इन्युइट लोकांनी कातडे व लाकडी सांगाडा यांची ही होडी शिकारीसाठी घडवली. आज ती प्लास्टिकची मिळते. इंजिन नाही, तेल नाही, धक्क्यावर जागेचे भाडे नाही. मोटारबोट न परवडणाऱ्या नोकरदार माणसाला किनाऱ्यापलीकडच्या खडकापर्यंत पोचवणारे हे साधन आहे.

जेम्सटाऊनलाच फोर्ट वेदरिल नावाचा जुना किल्ला आहे. त्याच्या कुशीतल्या शांत पाण्यात कयाक सोडता येते. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्या आसनावर बसून आमच्यातील एकाने तो अनुभव घेतला. पाण्याला इतके खेटून बसल्यावर समुद्र वेगळाच दिसतो. खालचा खडक हाताशी आल्यासारखा वाटतो.

खडकाच्या डोक्यावर बरोबर थांबता आले पाहिजे, त्यासाठी लहान नांगर टाकतात. नांगराचा दोर होडीच्या टोकाकडून सोडायचा, कुशीकडून कधीही नाही. कुशीला दोर ताणला गेला आणि लाट आली तर होडी उलटते. दोर झटकन सुटेल अशी गाठ हवी. किनाऱ्यावर जड वजन लागते, येथे मात्र अर्ध्या ते एका औंसाची शिशाची गोळी जडवलेली गरी पुरते, कारण दोर सरळ खाली जातो. त्यामुळे माशाची टकटक बोटांना स्पष्ट कळते. भरती-ओहोटीचे पाणी थबकते तेव्हाचा अर्धा-पाऊण तास सर्वांत चांगला. मोठा मासा लागला की तो कयाकलाच खाली खेचू पाहतो. जावयांनी वीस इंची मासा काढला तेव्हा होडी चांगलीच डुलली.

ऑक्टोबरातले ऊन फसवे असते. हवा सुखद वाटते, पाणी मात्र थंडगार. गार पाण्यात अचानक पडलेल्याचा श्वास अडकतो आणि पट्टीचा पोहणाराही घाबरतो. म्हणून तरंगणारे जाकीट अंगात घातलेलेच हवे, पायाशी ठेवलेले नव्हे. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १५ सप्टेंबर ते १५ मे कयाकमध्ये ते घालणे कायद्यानेच सक्तीचे आहे. शिटी गळ्यात, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि कोठे जातो, केव्हा परततो हे घरी सांगून निघायचे. एकट्याने जायचे नाही.

घटनेतला किनारा

जेम्सटाऊनच्या पुलापलीकडे न्यूपोर्ट शहर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेसम्राटांनी व धनाढ्यांनी तेथे समुद्राकडे तोंड करून राजवाडे बांधले. व्हँडरबिल्ट कुटुंबाचा १८९५ मध्ये पूर्ण झालेला ‘द ब्रेकर्स’ ७० खोल्यांचा आहे. या राजवाड्यांच्या पायथ्याशी, कड्याच्या कडेने, साडेतीन मैलांची पायवाट जाते आणि ती सर्वांना खुली आहे. राजवाड्याचे अंगण एका हाताला, समुद्र दुसऱ्या हाताला आणि मधून कोणीही चालत जातो.

हे कसे जमले, असे आम्ही आजोबांना विचारले. ते म्हणाले, “घटनेत आहे.” नंतर मुलीने माहिती काढून दिली. १६६३ च्या सनदेपासून मासेमारीचा हक्क येथे चालत आला. १८४२ च्या राज्यघटनेत मासेमारीचे व किनाऱ्याचे हक्क जनतेकडेच राहतील असे लिहिले गेले. १९८६ मध्ये ते आणखी स्पष्ट झाले. किनाऱ्यावरून मासे धरणे, समुद्रशैवाल गोळा करणे, पोहायला उतरणे आणि किनाऱ्याने चालत जाणे, हे चार हक्क नावानिशी लिहिले आहेत.

तरी भांडण मिटले नाही. हक्क खरा, पण किनारा कोठवर? १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरासरी भरतीची रेषा ही हद्द मानली. ही रेषा अनेक वर्षांच्या नोंदींवरून गणिताने काढतात, डोळ्यांना ती दिसत नाही आणि बरेचदा ती पाण्यात असते. म्हणजे हक्क बजावायचा तर भिजत उभे राहा. २०१९ मध्ये शैवाल गोळा करत चाललेल्या एका नागरिकाला अतिक्रमणाच्या आरोपावरून अटक झाली. आरोप पुढे मागे घेतला गेला, पण लोक जागे झाले. सभा झाल्या, अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये नवा कायदा आला. भरतीने वाहून आणलेल्या शैवालाची जी ओळ वाळूवर दिसते, तिच्यापासून जमिनीकडे १० फुटांपर्यंत लोकांना जाता येईल असे त्यात ठरले. काही जमीनमालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले.

मॅसॅच्युसेट्समधली तऱ्हा आणखी निराळी. १६४० च्या दशकातल्या एका फर्मानामुळे तेथे ओहोटीच्या रेषेपर्यंतची वाळू खासगी मालकीची असू शकते. फक्त मासेमारी, पाखरांची शिकार आणि होडी चालवणे यांसाठी लोकांना मुभा आहे. म्हणजे हातात गळ असेल तर उभे राहा, नुसती हवा खायला आलात तर मालक हटकू शकतो. पाण्यापाशी कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरवणाऱ्यांची गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

फूटपट्टी

बीव्हरटेलवर पहिल्या दिवशी नातवाच्या गळाला मासा लागला. चांगला भरदार होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी फूटपट्टी लावली. पंधरा इंच. त्यांनी ओल्या हातांनी गरी काढली आणि मासा पाण्यात सोडला. नातवाचे डोळे भरून आले. आजोबांनी त्याला विचारले, “तुझे वय किती?” तो म्हणाला, “दहा.” “हा तुझ्याहून थोडाच लहान होता. अजून एक वर्ष जगू दे, मग मोजू.”

टॉटॉगचा घात त्याच्या स्वभावातच आहे. तो ठरल्या खडकाशी राहतो, हळू वाढतो आणि किनाऱ्यावरूनही हाती लागतो. एक खडक रिकामा केला की तो भरायला वर्षे लागतात. पूर्वी याला फारसा भाव नव्हता. विसाव्या शतकाच्या अखेरीस मागणी वाढली आणि मासा घटला. १९९६ मध्ये अटलांटिक किनाऱ्याच्या राज्यांनी मिळून त्याच्या रक्षणाची योजना केली. ऱ्होड आयलंडमध्ये आम्ही होतो तेव्हाचा नियम असा होता: १६ इंचांखालचा मासा ठेवायचा नाही, २१ इंचांवरचा एकच ठेवायचा, जून-जुलैत अंडी घालण्याच्या दिवसांत बंदी आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून वर्षअखेर माणशी दिवसाला पाच. मोठ्यांवर मर्यादा का? कारण मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते.

सगळेच पाळतात असे नाही. एका गृहस्थाच्या बादलीत तेरा-चौदा इंचांचे दोन मासे आम्हाला दिसले. आजोबांनी त्याला फूटपट्टी दाखवली. त्याने बादली उचलली आणि दूरच्या खडकावर जाऊन बसला. त्याच्या घरची गरज आम्हाला ठाऊक नाही, म्हणून त्याला नावे ठेवायला जीभ रेटली नाही. खरी लूट वेगळीच आहे. टॉटॉग पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतो. काचेच्या टाकीत जिवंत मासा ठेवणारी उपाहारगृहे त्याला मेलेल्या माशापेक्षा चढा भाव देतात आणि ताटात मावणारा लहान मासाच त्यांना हवा असतो. यातून चोरटा व्यापार उभा राहिला. २०२० पासून राज्यांनी यावर उपाय सुरू केला. विक्रीच्या प्रत्येक टॉटॉगच्या कल्ल्याच्या झाकणाला धातूचा क्रमांकित बिल्ला मारावा लागतो. बिल्ला नाही तर विक्री नाही. २०२१ च्या पाहणीत मॅसॅच्युसेट्स-ऱ्होड आयलंड पट्ट्यातला साठा सावरलेला आढळला. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या बाजूला मात्र तो अजून खालावलेलाच होता.

ताटात

जावयांचा वीस इंची मासा आणि आजोबांनी दिलेला एक, असे दोन मासे घरी आले. कातडी जाड म्हणून सोलूनच काढावी लागते. आतले मांस पांढरे शुभ्र व घट्ट, शिजताना विरघळत नाही. आजोबांकडे बटाटा, कांदा व दूध घालून त्याचे दाट सार करतात. मुलीच्या आईने मुंबईहून नेलेला मसाला, आमसूल व खोबरे घालून कालवण केले. डोके व काटे टाकले नाहीत, त्यांचा वेगळा रस्सा झाला. आजोबा सहकुटुंब जेवायला आले आणि भाकरी कशी करतात ते चुलीपाशी उभे राहून पाहत होते. लहान-मोठी सारी माणसे पोटभर जेवली. पाच मासे ठेवण्याची मुभा होती, दोनच पुरले.

आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. बाजारात बोटभर पापलेट आणि वीतभर सुरमई स्वस्त मिळते म्हणून आपण घेतो. गरिबाला स्वस्त मासा हवा, हे खरेच. पण पिलू उचलले की पुढच्या वर्षी तोच मासा महाग होतो आणि तो प्रथम आपल्याच ताटातून जातो. कोळणीकडे उभे राहून “याहून मोठा आहे का?” एवढे विचारायला परवाना लागत नाही. मुलांना बरोबर नेले आणि एक फूटपट्टी पिशवीत टाकली, तर त्यांना शाळेबाहेरचा एक चांगला धडाही मिळेल.